तोंड मिटलं की नाक उघडतं

नाक दाबलं की तोंड उघडतं, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती वापरली जाते अडवणुकीबद्दल, पण तिच्यातलं शरीरशास्त्र बिनचूक आहे. श्वासाला दोनच वाटा. एक बंद केली की दुसरी उघडणारच. लहान मुलाला नाक शिंकरायला शिकवणाऱ्या घरात नेमका या म्हणीच्या उलट्या बाजूचा विसर पडलेला असतो. दोन वर्षांचं पोर, वरच्या ओठापर्यंत उतरलेला शेंबूड, नाकाला लावलेला रुमाल आणि 'शिंकर, शिंकर ना, जोरात!' असा धोशा. पोर आज्ञाधारक असतं. ते मोठा श्वास घेतं आणि आलेला शेंबूड सूंऽऽ करून वर ओढून घेतं. नाहीतर गाल फुगवून तोंडाने फूऽऽ करतं आणि रुमाल हलला म्हणून खूश होतं. मोठी माणसं हसतात, पुसून टाकतात, 'अजून लहान आहे' असा निकाल देतात. या प्रकरणाचं म्हणणं असं की मूल फारसं लहान नसतं, हुकूमच चुकीचा असतो. नाक शिंकरणं ही नाकाची करामत नाही, ती तोंडाची आणि टाळूची आहे. तिथून शिकवलं तर ती लवकर जमते, आणि 'जोरात' हा शब्द वगळला तर सुरक्षितही राहते.

तोंडाच्या छताचा पुढचा भाग हाडाचा, मागचा स्नायूंचा. या मागच्या मऊ टाळूच्या टोकाला पडजीभ लोंबते. मऊ टाळू म्हणजे एक झडप आहे. ती वर उचलली जाऊन घशाच्या मागच्या भिंतीला टेकली, की नाकाची वाट बंद होते आणि हवा तोंडातून जाते. ती खाली सैल सुटली, की नाकाची वाट मोकळी. गरम दुधावर फुंकर घालताना, फुगा फुगवताना, वाढदिवसाची मेणबत्ती विझवताना टाळू वर असतो आणि ओठ उघडे. नाक शिंकरताना ओठ बंद लागतात आणि टाळू खाली. म्हणजे फुंकर आणि शिंकरणं यांत छातीतला जोर तोच, पण दोन्ही दारांची स्थिती बरोबर उलटी. आता मुलाच्या बाजूने पाहा. फुंकर त्याला आधीच येते, कारण ती दिसते. ओठांचा चंबू दिसतो, दुधावरची साय हलताना दिसते, साबणाचा फुगा उडताना दिसतो. शिंकरण्यात दिसण्यासारखं काहीच नाही. टाळू खाली गेला हे कोणालाच दिसत नाही, स्वतःलाही कळत नाही. आणि मोठ्या माणसाने करून दाखवलं तर त्याचा अर्धा चेहरा रुमालाने झाकलेला असतो. नक्कल करून शिकणाऱ्या जिवाला आपण नक्कल करायला रुमालाची पाठमोरी बाजू देतो. त्यात 'नाकाने फुंकर मार' असं सांगितलं, की त्याच्या हाती जी एकमेव फुंकर आहे ती तो मारतो.

यावर हमखास येणारा प्रश्न असा, की मग नाकाने हवा आत ओढणं त्याला कसं जमतं? ते त्याला जन्मापासून जमतं. तान्ही बाळं पहिले काही महिने बहुतांशी नाकानेच श्वास घेतात. त्यांचं स्वरयंत्र घशात उंचावर असतं, त्यामुळे अंगावर पितापिताही श्वास चालू राहतो. म्हणूनच साधी सर्दीसुद्धा तान्ह्या बाळाला दूध प्यायला देत नाही. चार घोट घेऊन ते सोडतं, रडतं, पुन्हा लागतं. ओढणं हे असं मुरलेलं असतं. उलट, तोंड मिटून मुद्दाम नाकातून हवा बाहेर ढकलायची गरज आयुष्याच्या पहिल्या दीड-दोन वर्षांत कधी पडतच नाही. शिंक ते काम करते, पण शिंक आपोआप येते, हुकमावर येत नाही. मराठीने या दोन क्रियांना शिंकणं आणि शिंकरणं अशी जुळी नावं देऊन थोडा घोळ घातला आहे खरा. तरी निदान दुसरीला स्वतंत्र क्रियापद तरी आहे. म्हणजे ती वेगळी, करायची क्रिया आहे हे भाषेने ओळखलं होतं. मोठ्यांनाही ती दरवेळी सहज येते असं नाही. कपालभातीच्या वर्गातले पहिले दिवस आठवून पाहावेत: निम्मे लोक झटका बाहेर देण्याऐवजी आत घेत असतात.

पण मुलाजवळ एक भांडवल असतं, आणि ते फारसं कोणी वापरत नाही. ते म्हणजे 'म'. हा वर्ण उच्चारताना ओठ पूर्ण मिटलेले असतात, टाळू खाली असतो आणि हवा नाकातून बाहेर पडत असते. नाक शिंकरण्याची नेमकी हीच बैठक. पाणिनीने अनुनासिकाची व्याख्याच मुख आणि नासिका या दोन्हींच्या आधारे केली. बाराखडी माहीत नसलेलं बाळ वर्षाचं व्हायच्या आत 'मम्मं' मागायला लागतं, तेव्हा ते दोन्ही दारं योग्य स्थितीत आणून दाखवत असतं. म्हणून 'शिंकर' म्हणण्यापेक्षा 'तोंड मिटून म्ऽऽऽ कर' हा हुकूम त्याला कळतो. गुणगुणणं जमलं की तोच आवाज थोडा ढकलायचा. आवाज गेला आणि नुसती हवा उरली, की शिंकरणं आलं. जाता जाता, गुणगुणण्याची एक गंमत सांगायला हवी. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या वाइट्सबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२ साली दाखवलं, की शांतपणे उच्छ्वास टाकण्यापेक्षा गुणगुणताना नाकातून सुमारे पंधरापट नायट्रिक ऑक्साइड बाहेर येतो, कारण त्या कंपनांनी नाकालगतच्या पोकळ्यांतली हवा खेळती होते. भ्रामरीवाल्यांनी त्यावरून काय काय दावे केले ते सोडून देऊ. हवा नाकात सर्वदूर फिरते, एवढंच आपल्याला पुरे.

आता पहिला गंभीर आक्षेप. शिंकरायचं तरी कशाला? शेंबूड ही घाण नव्हे. ते बहुतांशी पाणी असतं, त्यात थोडे क्षार, चिकटपणा देणारी प्रथिनं आणि रोगजंतूंशी लढणारे घटक. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या कितीतरी आधी, १९२१ साली, स्वतःला झालेल्या सर्दीतला शेंबूड जंतूंच्या बशीत टाकून पाहिला. त्याच्या भोवतालचे जंतू विरघळून गेले. लायसोझाइम हे विकर असं सापडलं आणि १९२२ साली त्यांनी ते जाहीर केलं. निरोगी नाकातही हा द्राव दिवसरात्र तयार होत असतो. नाकाच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस सेकंदाला दहाएक वेळा हलून त्याला मिनिटाला काही मिलिमीटर अशा चालीने घशाकडे सरकवतात आणि आपण तो नकळत गिळतो. पोटातलं आम्ल पुढचं पाहून घेतं. तेव्हा मुलाने शेंबूड ओढून गिळला तर त्याला काही होतं का? नाही, फार तर पोट थोडं ढवळतं, जास्त कफ गिळला गेला तर एखादी उलटी होते. हिरवा शेंबूड म्हणजे भयंकर संसर्ग आणि प्रतिजैविकं हवीतच, हीसुद्धा समजूतच आहे. तो रंग पांढऱ्या पेशींमधल्या एका लोहयुक्त विकराचा असतो आणि साध्या विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसतो.

इतकं मान्य करूनही शिकवायचं ते श्वासासाठी. लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं सामान्य मानलं जातं. बालवाडीत जायला लागलेल्यांना त्याहून जास्त. एकेक सर्दी आठवडाभराची धरली, तर वर्षातले दीड-दोन महिने नाक चोंदलेलं. निरोगी नाकाची सरकती वाट त्या दिवसांत तुंबते, कारण द्राव घट्ट होतो, अस्तर सुजतं आणि मुलाच्या नाकातली जागा मुळातच अरुंद. रात्री झोप मोडते, जेवताना घास आणि श्वास यांची मारामारी होते. आणि या वयात औषधाचा आधार जवळजवळ नाही. डिसेंबर २०२३ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन यांच्या मिश्रणावर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असं छापायला सांगितलं. आपल्याकडे घरोघरी फ्रिजच्या दारात असणाऱ्या सर्दीच्या अनेक पातळ औषधांत हीच जोडी असते. त्यानंतर २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याची भेसळ असलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलं दगावली. त्यांतल्या अनेकांनी नागपूरच्या रुग्णालयांत जीव सोडला. ती भेसळीची गोष्ट होती, साध्या सर्दीच्या औषधाची नव्हे, हे खरं. पण साध्या सर्दीखोकल्याला बाटली उघडायची सवयच नसती तर, हा विचार टाळता येत नाही. मग उरतात मिठाच्या पाण्याचे थेंब, आणि नाक मोकळं करता येणं. पहिलं दुसऱ्याशिवाय अर्धवट आहे: थेंबांनी सैल झालेलं बाहेर काढायला कोणीतरी लागतं.

शिंकरता येण्याचा आणखी एक फायदा अचानक उपयोगी पडतो. दोन-चार वर्षांची मुलं नाकात काय घालतील याचा नेम नाही: मणी, हरभरा, शेंगदाणा, खोडरबराचा तुकडा. ज्याला एक नाकपुडी दाबून दुसरीतून हवा सोडता येते, त्याची बरीच प्रकरणं घरच्या घरीच मिटतात. ज्याला येत नाही त्याच्यासाठी 'आईची पापी' म्हणून ओळखली जाणारी युक्ती आहे. १९६५ साली व्लादिमिर च्टिबोर या डॉक्टरांनी ती नोंदवली. आईने मुलाच्या तोंडावर तोंड ठेवायचं, मोकळी नाकपुडी बोटाने दाबायची आणि छोटीशी फुंकर मारायची; हवा मागून येऊन अडकलेली वस्तू ढकलते. २०१२ साली उपलब्ध नोंदींचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा ती दहापैकी साधारण सहा वेळा यशस्वी झालेली दिसली. म्हणजे ज्या मुलाला शिंकरता येत नाही, त्याच्या वतीने आई शिंकरते. (घड्याळातली किंवा खेळण्यातली बटणासारखी बॅटरी नाकात गेली असेल तर मात्र कोणतीही युक्ती करत बसू नये, तडक डॉक्टर गाठावा. ती काही तासांत आतलं अस्तर जाळते.)

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण त्यामागे प्रयोग आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातले जॅक ग्वाल्टनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रौढांच्या नाकातला दाब मोजला. खोकताना आणि शिंकताना तो पाऱ्याच्या दहा मिलिमीटरच्याही आत राहिला. नाक शिंकरताना मात्र सरासरी ६६ मिलिमीटरपर्यंत गेला. नाकात सोडलेला क्ष-किरणांत दिसणारा द्राव शिंकरल्यानंतर नाकालगतच्या पोकळ्यांमध्ये पोचलेला सीटी स्कॅनमध्ये दिसला. शिंक आणि खोकल्याने तो गेला नाही. तेव्हा शिंकरणं म्हणजे जंतू उलटे आत ढकलणं, असं म्हणायला जागा आहे. मुलांच्या बाबतीत कानाची भीती जास्त, कारण नाकामागून मधल्या कानाकडे जाणारी नळी त्यांच्यात आखूड आणि आडवी असते. मग ओढणंच बरं का? तेही नाही. स्वीडनच्याच मॅग्नुसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिलं, की सतत नाक ओढण्याच्या सवयीने मधल्या कानातली हवा खेचली जाऊन तिथे उणा दाब तयार होऊ शकतो, आणि पडदा आत ओढला गेलेल्या काही कानांमागे हीच सवय असते. एका बाजूला ढकलण्याचा धोका, दुसऱ्या बाजूला ओढण्याचा. ग्वाल्टनींच्या आकड्यात जास्त झालेली गोष्ट दाब आहे, आणि दाब वाढतो तो वाट बंद असताना जोर लावला की. दोन्ही नाकपुड्या चिमटीत धरून 'जोरात' करायला लावणं म्हणजे पिचकारीचं तोंड दाबून दट्ट्या रेटणं. एक नाकपुडी मोकळी, जोर बेताचा आणि दोन-तीन छोटे झोत, एवढं पाळलं तर हवेला निघायला दार राहतं. मुलाच्या कानात 'फट्' झालं किंवा दडे बसले, तर जोर जास्त झाला असं समजावं.

नाकातून ढकललेली बेताची हवा कानाला घातकच असते असंही नाही. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या इयान विल्यम्सन यांच्या गटाने २०१५ साली ३२० मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलं चार ते अकरा वयाची, सगळ्यांच्या मधल्या कानात चिकट द्राव साचलेला. निम्म्यांना एका नाकपुडीला लावून फुगवायचा फुगा दिला, दिवसातून तीनदा. महिन्याभराने फुगेवाल्यांपैकी शेकडा ४७ मुलांचा कान मोजणीत सुधारलेला दिसला, बाकीच्यांत शेकडा ३६. फरक डोळे दिपवणारा नाही. मात्र चार वर्षांचं मूल नाकाने फुगा फुगवायला शिकतं, ही त्यातली बाब आपल्या कामाची. ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी वस्त्यांमध्ये, जिथे मुलांमध्ये कान वाहण्याचं प्रमाण फार आहे, काही शाळांत दिवसाची सुरुवातच शिंकरणं, दीर्घ श्वास, खोकणं, हात धुणं अशा क्रमाने करतात. नुसत्या त्याने कानाचे आजार जातील असं म्हणणं धाडसाचं होईल. पण बहिरेपणाच्या उंबरठ्यावरच्या वर्गात शिंकरणं हा अभ्यासाचा विषय मानला जातो, खोडी म्हणून नव्हे, एवढं आपल्या बालवाड्यांनी उचलायला हरकत नाही.

आपल्याकडे हा विषय सभ्यतेच्या खात्यात टाकला गेला आहे. तसा तो जगभरच टाकला गेला. इरॅस्मसने १५३० साली मुलांच्या शिष्टाचारावर लिहिलेल्या पुस्तिकेत नाक कशाला पुसावं आणि कशाला पुसू नये याचे नियम आहेत, आणि नोर्बर्ट एलियास या समाजशास्त्रज्ञाने १९३९ साली अशाच नियमांवरून युरोपातली लाजेची सीमा कशी सरकत गेली ते मांडलं. कागदी रुमालांची कथा आणखी मजेदार. क्लीनेक्स १९२४ साली बाजारात आला तो चेहऱ्यावरचं कोल्ड क्रीम पुसायला. लोकच त्यात नाक शिंकरू लागले, तेव्हा १९३० पासून जाहिराती बदलल्या. आपलं साधन होतं आईचा पदर, आणि त्याची जागा घेतली बालवाडीच्या गणवेशावर छातीशी सेफ्टी पिनने टोचलेल्या रुमालाने. तो रुमाल जरा जवळून पाहावा. चौकोनी घडी, एका कोपऱ्यात पिन, आणि मूल तो नाकाला लावायला गेलं तर सदराच वर ओढला जातो किंवा मान खाली घालावी लागते. या अवस्थेत एक नाकपुडी दाबून दुसरीतून हवा सोडणं मोठ्या माणसालाही जमणार नाही. तो रुमाल पुसायचाच आहे, शिंकरायचा नाही. त्यापेक्षा मोरीशी किंवा बेसिनशी उभं राहून शिंकरायचं आणि वाहत्या पाण्याने नाक व हात धुवायचे, ही आजीची पद्धत सर्वार्थाने सरस. ओला रुमाल खिशात वागवणं तिला किळसवाणं वाटायचं, आणि ती बरोबर होती. सर्दीचे विषाणू हातांवरून पसरतात हे नंतर सिद्ध झालं.

तर शिकवायचं कसं? नाक वाहत नसताना. हे सगळ्यांत महत्त्वाचं, आणि सगळ्यांत कमी पाळलं जाणारं. चोंदलेल्या नाकाने शिंकरायला शिकणं म्हणजे पुरात पोहायला शिकणं. कोरड्या, हसऱ्या दिवशी स्टीलची एक वाटी काही मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावी, पुसून घ्यावी आणि उपडी करून तिचं सपाट बूड मुलाच्या नाकाखाली आडवं धरावं. तोंड मिटायला सांगावं. लगेच वाटीवर वाफेचे दोन छोटे ढग उमटतात. आजवर न दिसलेली गोष्ट पहिल्यांदा दिसते. कान-नाक-घशाचे डॉक्टरही थंड धातूची पट्टी नाकाखाली धरून नाकपुड्या मोकळ्या आहेत का ते असंच पाहतात, फक्त ते त्याला तपासणी म्हणतात. मग 'म्ऽऽ' करून ढग मोठा करायचा, एक नाकपुडी दाबून एकच ढग काढायचा, ताटलीतला कापसाचा बारीकसा पिंजका नाकाने पलीकडे ढकलायचा. मुलाने तोंडाने फुंकर मारली तर ढग तिसऱ्याच जागी उमटतो आणि त्याला न रागावता कळतं. तोंडात पाण्याचा घोट धरायला लावून ओठ बंद ठेवण्याची युक्तीही काही जण करतात, पण ती चार वर्षांनंतरच. त्याआधी ठसका लागतो. बहुतेक मुलांना हे दोन ते चार वर्षांच्या दरम्यान जमतं. नाही जमलं तर सक्ती करून नाकाशी वैर उत्पन्न करण्यात अर्थ नाही.

'आपोआप शिकतात की सगळी, शाळेत जाईपर्यंत कोणाचं अडलंय?' हा शेवटचा आक्षेप खरा आहे. शिकतात. पण ज्या वर्षांत सर्दी सर्वांत जास्त आणि औषध सर्वांत कमी, ती वर्षं निघून गेल्यावर शिकतात, आणि बरीचशी दोन्ही नाकपुड्या दाबून तुतारी वाजवायलाच शिकतात. शिवाय वाटीचा खेळ न जमणं हीसुद्धा एक माहिती असते. तोंड मिटलं की मूल कासावीस होत असेल, ढग उमटतच नसेल, रात्री ते घोरत असेल आणि तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर नाकामागच्या ॲडिनॉइड ग्रंथी वाढल्या असण्याची शक्यता पाहायला हवी. ढग कायम एकाच बाजूला येत असेल आणि दुसऱ्या नाकपुडीतून घाण वासाचा द्राव येत असेल, तर आत हरभरा बसला आहे का ते.

निरोगी मुलाच्या वाटीवरही दोन ढग अगदी सारखे क्वचितच येतात, आणि चौकस मूल ते लगेच दाखवतं. त्यात काही बिघाड नसतो. नाकाच्या दोन्ही बाजूंचं अस्तर आळीपाळीने फुगतं आणि ओसरतं. रिचर्ड कायझर यांनी १८९५ साली त्याचं वर्णन केलं, आणि आपल्याकडे स्वर पाहणाऱ्यांना चंद्र आणि सूर्य या नावांनी ते त्याच्याही फार आधीपासून ठाऊक होतं. सकाळी डावा ढग मोठा असेल तर वाटी तशीच फ्रिजमध्ये ठेवून द्यावी आणि दुपारच्या झोपेनंतर पुन्हा धरून पाहावी.